गवत कापण्याची मशीन किती वर्षे चालते?



विश्वस्तांच्या मागील बैठकीत अंदाजपत्रकावर चर्चा चालू असता एक प्रश्न निघाला. शाळेची गवत कापण्याची मशीन सात वर्षांची झाली आहे आणि हल्ली सुरू होताना फार त्रास देते. ती बदलावी की दुरुस्त करून चालवावी? एका विश्वस्तांचे म्हणणे पडले की सात वर्षांत अशा मशीनचे आयुष्य संपतेच. दुसऱ्यांनी सांगितले की त्यांच्या आजोबांच्या वेळची हाताने ढकलायची मशीन आजही घरी चालू आहे. दोघांचेही म्हणणे खरे असू शकते, आणि म्हणूनच निर्णय पुढच्या बैठकीवर गेला. शाळेचा पैसा पालकांच्या फीचा आणि जुन्या विद्यार्थ्यांच्या देणग्यांचा असतो. तो खर्च करण्यापूर्वी विषय नीट समजून घ्यावा, या हेतूने आम्ही थोडे वाचन केले, दोन-तीन मिस्त्रींशी बोललो आणि मशीन उघडवून समक्ष पाहिली. ते सर्व येथे मांडत आहोत.

सराफ्यातल्या लोकांना हिरवळीचे काय एवढे, असे कोणी म्हणेल. दिवसा सोने-चांदी, रात्री भुट्ट्याचा कीस आणि गराडू. गवताची काडी दिसायची ती दूर्वांच्या जुड्या घेऊन बसलेल्या बाईच्या टोपलीत. पण म्हणूनच आपल्या पटांगणाच्या कडेचा तो हिरवा तुकडा मोलाचा आहे. बालवर्गाच्या मुलांना अनवाणी पळायला दुसरी जागा नाही.

आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले, त्यामुळे ओठांवर 'घास काटने की मशीन' असेच येते. मराठीत घास तोंडात घालायचा असतो, हे विद्यार्थ्यांनी आम्हाला हसत हसत अनेकदा ऐकवले आहे. तेव्हा येथे आपण 'गवताची मशीन' एवढेच म्हणू.

या मशीनचा जन्म बगीच्यात झाला नाही, कापडाच्या कारखान्यात झाला. इंग्लंडच्या ग्लॉस्टरशायर परगण्यात स्ट्राउड नावाचे गाव आहे. तेथे लोकरी कापडाच्या गिरण्या होत्या. विणलेल्या कापडावर जी लव उभी राहते ती कातरून कापड गुळगुळीत करण्यासाठी तेथे फिरत्या पात्यांचे यंत्र असे. एडविन बडिंग नावाच्या कारागिराच्या मनात आले की लव कापता येते तर गवत का नाही? १८३० साली त्याने पेटंट घेतले. त्यापूर्वी मोठ्या हवेल्यांसमोरचे गवत लांब दांड्याच्या विळ्याने कापीत, नाही तर मेंढ्या चरायला सोडीत. मालवा मिल, हुकुमचंद मिल, राजकुमार मिल या नावांवर वाढलेल्या इंदूरच्या लोकांना ही हकिकत जवळची वाटेल. आपल्यापैकी कितीतरी घरांतील आजोबा गिरणीत होते. गिरणीत यंत्रांना तेल देण्यासाठी वेगळा माणूस नेमलेला असे आणि त्याचे ते एकच काम असे. गवताची मशीन गिरणीतून बाहेर पडली खरी, पण तेलवाल्याला तिने बरोबर आणले नाही. पुढे जे सांगायचे आहे त्यातले बरेचसे या एका गोष्टीत आले.

बडिंगच्या पद्धतीची मशीन म्हणजे आडवा रूळ, त्यावर पिळदार पाती आणि खाली एक स्थिर पट्टी. गवत या दोहोंमध्ये कात्रीसारखे कापले जाते. क्रिकेटच्या मैदानांवर आजही हीच पद्धत लागते, कारण हरळी बारीक आणि एकसारखी कापायची तर कात्रीच हवी. हाताने ढकलायच्या साध्या मशीनमध्ये इंजिन नाही, पेट्रोल नाही. झिजते ते पाते, ढिली होते ती पट्टी आणि सुकते ते बेअरिंगमधले ग्रीस. तिन्ही गोष्टी घरी किंवा धार लावणाऱ्याकडे नीट होतात. पट्टी बरोबर बसली आहे की नाही हे पाहायला कागदाचा कपटा मध्ये धरून रूळ हाताने फिरवावा. कागद कापला गेला तर ठीक, दुमडला तर पट्टी जवळ घ्यावी. बोटे मात्र लांब ठेवावीत. अशी मशीन तीस-चाळीस वर्षे चालली तर त्यात नवल नाही. आजोबांच्या मशीनचे रहस्य हे आहे.

आपल्या शाळेची मशीन दुसऱ्या जातीची आहे. तिच्यात एकच लांब पाते पंख्यासारखे आडवे फिरते आणि गवत कापण्याऐवजी तडाख्याने तोडते. वर पेट्रोलचे छोटे इंजिन असते. १९५२ मध्ये ऑस्ट्रेलियात मर्विन व्हिक्टर रिचर्डसन यांनी आपल्या गॅरेजमध्ये अशी हलकी मशीन तयार केली आणि पेट्रोलच्या टाकीच्या जागी चक्क पीच फळांचा रिकामा डबा लावला. तिला व्हिक्टा हे नाव मिळाले आणि घरोघरी अशा मशीन पोचण्याची सुरुवात झाली. ही मशीन स्वस्त, उंच गवतातही चालणारी. पण तिच्यात झिजण्याच्या जागा पुष्कळ. वायरवर चालणारी विजेची मशीनही याच जातीची असते. तिला पेट्रोलची कटकट नसते, पण वायर पात्याखाली येण्याचे भय असते. बॅटरीच्या मशीनचे आयुष्य मुळात बॅटरीचे आयुष्य असते. तीन ते पाच वर्षांत बॅटरीचा जोर उतरू लागतो, आणि मे महिन्यात चाळीस अंशांच्या वर तापलेल्या पत्र्याच्या खोलीत ती ठेवली तर त्याहून लवकर.

आता मूळ प्रश्न. पेट्रोलच्या घरगुती मशीनबद्दल साधारणपणे आठ ते दहा वर्षे असा अंदाज सांगतात. आम्हाला हा अंदाज वर्षांत मोजणेच पटत नाही. इंजिनाचे आयुष्य तासांत मोजावे लागते. अशा छोट्या इंजिनाकडून ढोबळ मानाने ५०० तासांच्या कामाची अपेक्षा धरता येते. व्यवसायासाठी बनवलेली इंजिने त्याच्या दुप्पट-तिप्पट चालतात. आपल्या शाळेचा हिशेब करू. जूनच्या अखेरपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत सोळा आठवडे, दर आठवड्याला एक तास, म्हणजे १६ तास. उरलेले छत्तीस आठवडे, जेव्हा गवत फक्त नळाच्या पाण्यावर वाढते, तेव्हा तीन आठवड्यांतून एकदा एक तास, म्हणजे १२ तास. वर्षाचे झाले २८ तास. पाचशेला अठ्ठावीसने भागा. सातवीचे विद्यार्थी सांगतील, जवळजवळ १८ वर्षे. मग मशीन सातव्या वर्षीच का थकते? सात वर्षांत ती दोनशे तासही चाललेली नाही.

उत्तर असे की मशीन त्या अठ्ठावीस तासांत फारशी झिजत नाही. वर्षाचे जे बाकीचे साडेआठ हजारांहून अधिक तास ती कोपऱ्यात उभी असते, त्यांत ती बिघडते.

सगळ्यात मोठा शत्रू टाकीत राहिलेले पेट्रोल. पेट्रोल हे पाण्यासारखे नुसते पडून राहत नाही. महिनाभरात त्याचा हलका भाग उडून जातो, उरलेल्याचा हळूहळू चिकट राळेसारखा थर होतो. कार्बोरेटरमध्ये ज्या छिद्रातून पेट्रोल जाते ते सुईच्या टोकाएवढे असते. त्यावर थर बसला की मशीन दोरी ओढून ओढून हात दुखले तरी सुरू होत नाही. आता आणखी एक भर पडली आहे. २०२५ पासून आपल्या देशात पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल मिसळले जाते. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते. पावसाळ्यात अर्धी रिकामी टाकी महिना-दीड महिना उभी राहिली तर पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन तळाशी बसते, आणि इंजिनाला पहिला घोट त्याचाच मिळतो. जुन्या मशीनमधल्या रबरी नळ्या आणि वायसरही त्यामुळे कडक होऊन तडकतात. उपाय अगदी साधा आहे. जितके लागेल तितकेच पेट्रोल आणावे. तीन-चार आठवड्यांहून जास्त थांबायचे असेल तर टाकी रिकामी करावी आणि कार्बोरेटरमधले उरलेले संपेपर्यंत इंजिन चालू ठेवावे. हे काम दहा मिनिटांचे आहे.

एका दुकानात आपल्या मशीनकडे पाहून "इंजिन गेले, नवीन घ्या" असे दोन मिनिटांत सांगण्यात आले होते. नंतर सियागंजाकडच्या एका वृद्ध मिस्त्रींनी ती उघडली. कार्बोरेटर काढून त्यांनी तो पिवळा थर नखाने खरवडून आम्हाला दाखवला आणि म्हणाले, "सर, मशीन बूढी नहीं हुई, भूखी है." पेट्रोल पोचतच नव्हते.

दुसरी गोष्ट तेलाची. मोटारगाडीच्या इंजिनात तेलाचा पंप असतो, तेल गाळणारा फिल्टर असतो. गवताच्या बहुतेक छोट्या मशीनमध्ये दोन्ही नसतात. तळाशी जेमतेम अर्धा लिटर तेल असते आणि आतला एक चमचासारखा भाग ते उडवत राहतो, तेवढ्यावर सगळे चालते. म्हणजे जी घाण आणि धातूचा कीस तेलात पडतो तो तेथेच फिरत राहतो. म्हणून नव्या मशीनचे पहिले तेल पाच तासांनी बदलायचे असते, कारण नवे भाग एकमेकांवर घासून सर्वात जास्त कीस पहिल्याच तासांत निघतो. पुढे पन्नास तासांनी, किंवा तेवढे तास भरले नाहीत तरी वर्षातून एकदा. शाळेत मशीन आली तेव्हापासून तेलाची पातळी पाहून वरून भर घातली गेली, पण जुने तेल काढून टाकल्याची नोंद कोठेही नाही. आपल्याकडे स्वयंपाकघरात भजी तळलेले तेल दोनदा-तीनदा वापरले तर घरातल्या आजी रागावतात. तोच न्याय येथे लावायला हरकत नाही.

तिसरी गोष्ट हवेची. माळव्याची उन्हाळ्यातली धूळ आपल्याला ठाऊक आहे. इंजिन हवा ओढते, हवेबरोबर धूळ येते आणि धुळीतली बारीक वाळू आतल्या सिलिंडरवर ओरखडे काढते. त्या ओरखड्यांतून तेल वर येऊन जळू लागले की निळसर धूर दिसतो. हे नुकसान परत भरून येत नाही. त्याला अडवणारा एअर फिल्टर हा कागदाचा किंवा स्पंजचा एक तुकडा असतो आणि सगळ्या मशीनमध्ये सर्वात स्वस्त वस्तूंपैकी एक. इंजिनाच्या बाहेरच्या बाजूला ज्या पातळ चकत्या दिसतात त्या हवेने इंजिन थंड ठेवण्यासाठी असतात. त्यांत सुके गवत भरले तर इंजिनाला उन्हाळ्यात गोधडी पांघरल्यासारखे होते.

पात्याविषयी थोडे सविस्तर सांगणे भाग आहे, कारण त्यात मुलांचा संबंध येतो. शेहेचाळीस सेंटिमीटरचे पाते मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर त्याच्या टोकाचा वेग ताशी २६० किलोमीटरच्या आसपास होतो. हे गणितही वर्गात करून पाहावे. या वेगाने पात्यावर एखादा गारगोटीचा खडा आदळला तर तीन गोष्टी होऊ शकतात. पात्याला खाच पडते. ती घासून काढता येते. इंजिनाच्या चाकाजवळ मऊ धातूची एक छोटी चावी मुद्दाम बसवलेली असते, ती कापली जाते आणि मशीन बंद पडते. ती बदलता येते. तिसरी गोष्ट म्हणजे पात्याचा दांडा, क्रँकशाफ्ट, वाकतो. तो सरळ करून वापरू नये असेच जाणते मिस्त्री सांगतात, आणि छोट्या मशीनमध्ये तो बदलण्याचा खर्च नव्या मशीनच्या जवळ जातो. म्हणजे वर्षानुवर्षे सांभाळलेली मशीन एका खड्याने एका क्षणात संपू शकते. आणि तो खडा तेथेच थांबत नाही, बंदुकीच्या गोळीसारखा बाहेर उडू शकतो. म्हणून मशीन चालू असताना हिरवळीवर कोणीही असता कामा नये आणि मागची झडप तुटलेली असेल तर मशीन लावूच नये.

न आदळताही पाते नुकसान करते. धार लावताना एका बाजूचे लोखंड जास्त घासले गेले की ती बाजू हलकी होते. मग संपूर्ण मशीन थरथरते, नट ढिले होतात, बेअरिंग आणि तेल अडवणारे सील खराब होतात. मशीन चालवणाऱ्या माणसाच्या हातांना मुंग्या येतात, हेही विसरू नये. तोल पाहण्याची पद्धत सोपी आहे. भिंतीतल्या खिळ्यावर पाते मधल्या भोकात अडकवावे. जी बाजू खाली जाईल ती जड, ती आणखी थोडी घासावी. आपल्या सराफ्यात रतीभर सोन्यासाठी तराजूचा काटा रोज तपासतात, त्यांना हे समजावण्याची गरज नाही.

ओल्या गवताबद्दल एवढेच की पावसाळ्यात सकाळी घाईने कापू नये. आपली काळी माती आणि ओला पाला मिळून मशीनच्या पोटात सिमेंटसारखा गोळा बसतो, ओल धरून ठेवतो आणि पत्रा आतून गंजतो. बाहेरचा रंग छान दिसतो आणि एक दिवस पत्र्यातून बोट जाते. काम झाल्यावर प्लगची वायर काढून, मशीन कार्बोरेटरची बाजू वर ठेवून कलती करावी आणि लाकडी पट्टीने पोट खरवडावे. उलट बाजूला कलती केली तर तेल फिल्टरमध्ये उतरते. गवत फार वाढले असेल तर एकदम तळापर्यंत कापू नये. एका वेळी उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त नाही. इंजिनालाही ते सोसते आणि हरळीलाही.

टिकाऊपणात आणखी एक गोष्ट येते जी आपल्या हातात नसून बनवणाऱ्याच्या हातात असते, ती म्हणजे पुर्जे मिळणे. या बाबतीत मराठी माणसाला लक्ष्मणराव किर्लोस्करांची आठवण होणे साहजिक आहे. बेळगावला सायकलच्या दुकानापासून सुरुवात करून त्यांनी कडबा कापण्याची यंत्रे आणि नंतर १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर तयार केले. १९१० मध्ये औंधच्या राजांनी दिलेल्या जागेवर किर्लोस्करवाडी वसली. लोखंडी नांगराने जमीन विषारी होईल अशी शेतकऱ्यांची शंका होती आणि पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली असे सांगतात. कडबा कापण्याचे हातचाकाचे यंत्र आपल्यापैकी अनेकांनी गावी पाहिले असेल. त्याची पाती चाकाला बोल्टने बसवलेली असतात. झिजली की काढा, धार लावा, अगदीच गेली तर नवी बसवा. नांगराचा फाळही तसाच. जो भाग झिजणारच तो वेगळा निघाला पाहिजे, ही समज जुन्या कारागिरांत होती. आज बाजारात काही स्वस्त मशीन अशा मिळतात की त्यांचे पाते किंवा कार्बोरेटर दोन वर्षांनी मागायला जावे तर नावच कोणी ओळखत नाही. नवीन घ्यायचीच वेळ आली तर किमतीच्या आधी दुकानदाराला विचारावे की पाते, फिल्टर आणि दोरी आज, आत्ता, दुकानात आहे का?

आता शाळेच्या मशीनबद्दल आमचे मत. मिस्त्रींनी प्लगची वायर काढून पाते हाताने फिरवले आणि दोन्ही टोके पत्र्याच्या कडेपासून एकाच अंतरावर येतात हे दाखवले. म्हणजे दांडा वाकलेला नाही. निळा धूर नाही. पोटाचा पत्रा गंजला आहे पण भोक नाही. ज्या मशीनचा दांडा सरळ आणि सिलिंडर शाबूत, ती फेकण्याचे कारण आम्हाला दिसत नाही. दुरुस्तीचा खर्च नव्या मशीनच्या निम्म्यावर गेला असता तर आम्ही वेगळे म्हटले असते. येथे तो त्याच्या जवळपासही नाही. कार्बोरेटरची सफाई, नवे पाते, फिल्टर, प्लग, तेल आणि मागची झडप यांचा खर्च पुढील बैठकीत मांडला जाईल. नव्या मशीनसाठी धरलेली रक्कम तूर्त बालवर्गाच्या पिण्याच्या पाण्याच्या टाकीकडे वळवावी, अशी आमची विश्वस्तांना विनंती आहे.

माळीकाकांच्या खोलीत खिळ्याला एक वही टांगली आहे. तारीख, किती मिनिटे चालली, तेल, फिल्टर, पाते आणि शेरा असे रकाने आहेत. माळीकाका स्वतः लिहितील. त्यांना सुटी असेल त्या दिवशी आठवीचा वर्गनायक लिहील. दर शुक्रवारी मधल्या सुटीत सहावी ते आठवीच्या मुलांनी पाळीपाळीने हिरवळीवरचे खडे, बाटल्यांची झाकणे आणि पेनांची टोपणे वेचायची आहेत. शनिवारी सकाळी दव वाळल्यावर, बालवर्ग आत असताना, मशीन लागेल. पहिली पाळी सहावी 'अ' ची आहे.